कातळावरची मोरघार

बाळाबाईच्या अंगणातली कोंबडी घारीनं उचलली की कंग्राळीतल्या बायका आधी हळहळायच्या आणि मग तोंडाला पदर लावून हसायच्या. हसणारच. घार दिसली की बाकीच्या बायका हाऽहाऽ करत धावत सुटतात, पिलं बांबूच्या डालग्याखाली झाकतात. आणि ही बाई झाकलेलं डालगं उचलून बाजूला ठेवी. भर उन्हात पिलं मोकळी सोडायची आणि स्वतः उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसायचं. सावली अंगणावरून सरकली, की मान वर करून एकदा बघायचं. पिलू गेलं की पुन्हा सुपात तोंड.

"कोंबड्या पाळतीयास का घारी गं?" शेजारची धोंडूबाई विचारी.

"दोनीबी," बाळाबाई म्हणे.

नवरा गेल्यापासून हिचं डोकं फिरलंय, असं गावानं ठरवून टाकलं होतं. डोकं फिरलेलं नव्हतं. ते अकरा वर्षं एकाच जागी ठाण मांडून बसलं होतं, आणि त्या जागेचं नाव होतं मारुतीराव.

मारुतीरावाची गावामागच्या माळावर खडीची खाण होती. तिथला काळा दगड कधीकाळी जमिनीच्या पोटातून तापलेल्या रसासारखा उसळून आला, असं शाळेत शिकवतात. मारुतीरावानं तो सुरुंग लावून दुसऱ्यांदा उसळवला. माळावरची झाडं गेली, ससे गेले, कड्यावर पिढ्यान्‌पिढ्या घरटी करणाऱ्या घारीसुद्धा गेल्या. राहिला तो मधला उंच कातळ, कारण त्याच्या माथ्यावर भरमदेव होता. त्याला पहार लावायला एकही गडी तयार होईना, आणि मालकाचीही छाती होईना. तेव्हा मारुतीरावानं सगळ्या गड्यांना भंडारा उचलायला लावला, म्हणजे देवाची हळद हातात घेऊन शपथ घ्यायला लावली, की पुजाऱ्याच्या घरचं माणूस सोडून कुणी त्या कातळावर पाय ठेवणार नाही. मग सगळ्या बाजूंनी दगड फोडत नेला आणि देवाचा तेवढा सुळका मधोमध उभा ठेवला.

पुजारी होता बाळाबाईचा नवरा, रवळू. सोमवारी पूजा करी आणि सहाही दिवस, सोमवार धरून, त्याच खाणीत सुरुंगाची भोकं भरी. सुरुंग पेटवण्याआधी तीनदा शिट्टी द्यायची, सगळे वर आले की मगच वात लावायची, हा नियम. त्या दिवशी लॉऱ्या रांगेनं खोळंबल्या होत्या. शिट्टी झाली नाही. रवळू खालीच होता.

चौकशीला आलेल्या साहेबाला मारुतीरावानं सांगितलं, शिट्टी दिली होती, पण गडी प्यालेला होता. बाकीच्या गड्यांनी माना खाली घातल्या. त्यांना दुसऱ्या दिवशी कामावर यायचं होतं. रवळू गेला तो सोमवार होता. सोमवारी रवळू उपासाचा, पाण्याशिवाय घशाखाली काही उतरवत नसे, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण कागदावर दारू लिहिली गेली ती गेली.

"देवाला भ्याला, देवाच्या पुजाऱ्याला न्हाय भ्याला," बाळाबाई तेव्हा एकदाच बोलली. त्यानंतर तिनं त्या माणसाचं नाव तोंडात घेतलं नाही, मनात मात्र रोज घेतलं.

पुढच्याच वर्षी खाणीची मुदत संपली. खड्ड्यात झरे फुटून पाणी भरलं आणि भरमदेवाचा कातळ बेट होऊन बसला. पूजा आता बाळाबाईकडं आली. लॉरीच्या दोन ट्यूबांवर फळ्या बांधलेला तराफा ढकलत ती दर सोमवारी एकटी जाई. दोन वर्षं तिथं काहीसुद्धा जगलं नाही. तिसऱ्या वर्षी भेगांत गवत उगवलं. गवतामागून टोळ आले, टोळांमागून सरडे. सुरुंगानं फोडलेल्या कपारींत पारवे राहायला आले, आणि पारव्यांवर डोळा ठेवून शिक्रा आला. मग घुबडाचं जोडपं. आणि तीन वर्षांमागं, थंडीत, पांढऱ्या पोटाची दोन दांडगी पाखरं सुळक्याच्या कपारीत काटक्या नेऊ लागली.

"ही साधी घार न्हवं मावशी, मोरघार हाय," रचनानं सांगितलं. रचना तिच्या बहिणीची मुलगी, खानापूरकडं वनखात्यात गार्ड. "लई दिसत न्हाय आता. हितं घरटं असलं तर परत सुरुंगाची परवानगी मिळायची न्हाय."

हे शेवटचं वाक्य बाळाबाईनं दोनदा म्हणवून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून तिनं डालगं उचललं. त्या पाखरांवर तिचा काडीचा जीव नव्हता. तिची अंड्यावरची कोंबडी नेली की ती त्यांना शिव्या घालायची. पण पाखरं उपाशी उडून जाऊ नयेत, एवढ्यासाठी तिनं तीन वर्षं आपल्या हातानं वाढवलेली पिलं त्यांच्यापुढं टाकली. सुडाला खाऊ घालावं लागतं, आणि ती घालत होती.

यंदा नवा मोठा रस्ता निघाला आणि मारुतीरावानं पुन्हा खाणीसाठी अर्ज टाकला. रचनानं आपलं काम केलं. वनखात्याचा कागद आला: घरटं नांदतं आहे, काम थांबवा, महिनाअखेर पुन्हा पाहणी होईल. तेव्हा घरटं रिकामं दिसलं तर विचार करू.

घरटं काढायला मारुतीरावानं चार माणसं विचारली. चौघांनीही हात जोडले. मालक, भंडारा तुम्हीच उचलायला लावलाता. त्याचीच रीत त्याच्या अंगलट आली होती. कातळावर पाय ठेवू शकणारं माणूस आता गावात एकच होतं, आणि त्याच्या दारात मारुतीराव अकरा वर्षांनी आला.

"वैनी, तेवढं घरटं उतरून द्या," तो म्हणाला. "तुमी म्हनाल ते करतो."

बाळाबाईनं सूप खाली ठेवलं. "मग रवळूचं खरं काय ते सांगा. पाच पंचांसमोर, देवाकडं तोंड करून, भंडारा उचलून. मग मी कातळावर जाते."

"घरटं काढशीला?"

"काढते. शब्द हाय माझा."

मारुतीरावानं विचार केला असणार. चौकशी कधीच मिटली, साहेब निवृत्त झाला. चार म्हाताऱ्यांपुढं दोन वाक्यं बोलल्यानं काय बिघडतं? आणि रस्ता तर समोर दिसत होता. बाळाबाईनंही भंडारा उचलावा, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. गरीब बाईचा शब्द, तो कुठं जातोय?

सोमवारी सकाळी खाणीच्या काठावर पाच पंच जमले. त्यात शामूअण्णा होता, जो त्या दिवशी खाणीत होता आणि ज्यानं मान खाली घातली होती. मारुतीरावानं चिमूटभर भंडारा उचलला आणि कातळाकडं तोंड केलं.

"शिट्टी वाजवली न्हवती," तो म्हणाला. "लॉऱ्या थांबल्यात्या. रवळू प्याला न्हवता. मी खोटं सांगितलं."

शामूअण्णा खाली बसला आणि रडायला लागला. बाळाबाई रडली नाही. हे ऐकलं की छातीवरचा दगड उतरेल, असं तिला इतकी वर्षं वाटत आलं होतं. उतरला नाही. एवढ्या सोप्या दोन वाक्यांसाठी या माणसानं आपल्याला अकरा वर्षं बसवून ठेवलं, हे कळून राग होता त्याच्या दुप्पट झाला.

ती तराफ्यावर बसली, पलीकडं गेली, देवाला हळद वाहिली आणि लुगडं खोचून कपारीपर्यंत चढली. घरट्यात एकच पिलू होतं, पांढऱ्या लवीचं. भोवती तिच्याच ठिपक्यांच्या कोंबडीची पिसं पसरलेली. पिलानं चोच वासून तिच्यावर फूत्कार टाकला. बाळाबाईला दया आली नाही. किती खाल्लंस गं, एवढंच तिच्या मनात आलं, आणि खाल्लेलं अंगी लागलंय हे पाहून तिला फार बरं वाटलं.

ती मोकळ्या हातानं परत आली. तिनं तराफा काठाला लावला.

"घरटं?" मारुतीरावानं विचारलं.

"हाय तितंच. पिलू हाय आत. पुढच्या आठवड्यात वनखात्याचं लोक येतील, त्यास्नी दिसंल."

मारुतीरावाचं तोंड लाल झालं. "वैनी, तुमी शब्द दिलाता."

"व्हय मालक, दिलाता," बाळाबाई पायांचं पाणी झटकत म्हणाली. "तुमीबी शिट्टी देणार हुतासा."

तो पंचांकडं वळला. शामूअण्णानं डोळे पुसले, बाळाबाईच्या हातातली तराफ्याची दोरी घेतली आणि खुंटीला बांधली. बाकीचे चौघे उठून गावाच्या वाटेला लागले होते.