चांगल्या वर्तणुकीचा दाखला

माझा धाकटा भाऊ पिंगळीत, आमच्या मागच्या खोलीत बसून इंग्रजी सिनेमांची साइट चालवायचा. जगात कुणीही उघडावी आणि फुकट बघावं. गावात कुणापासून लपलेलं नव्हतं, उलट कौतुक होतं. मग एक दिवस पोलीस आले. अमेरिकेत त्याच्यावर सिनेमे चोरल्याचा खटला होता आणि त्याला आमच्या ताब्यात द्या, असं तिथल्या सरकारने आपल्या सरकारला कळवलं होतं. शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो मी, पण प्रत्यार्पण हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचला.

आई एकच विचारायची, "त्यानं कुणाच्या घरात पाय ठिवला का? मंग चोरी कशाची?" काय सांगणार, कपाळ!

दिल्लीत सुनावणी होती. आमचे वकील म्हणाले, साइट त्याचीच होती हे समोरच्यांना दाखवता येईना, त्यावरच आपण टिकू. आणि जाता जाता म्हणाले, गावाकडून चांगल्या वर्तणुकीचा दाखला आणा.

ग्रामपंचायतीचे दाखले मीच लिहून देतो, अक्षर बरं आहे म्हणून. नेहमीचा मजकूर दोन ओळींचा. पण भाऊ होता ना माझा! तोडले अकलेचे तारे. लिहिलं, 'सदर इसम निर्व्यसनी व इमानदार असून, त्याने स्वतः एकट्याने साइट उभी करून, कोणाकडूनही एक पैसा न घेता जगभरातील लोकांना सिनेमे दाखविले आहेत.' सरपंचांनी वाचलंसुद्धा नाही. "तुमी लिव्हलंय म्हणल्यावर काय बघायचं, गुरुजी?" शिक्का लय ठसठशीत उमटला. वकिलांना मराठी येत नव्हतं. त्यांनी कुणाकडून तरी भाषांतर करून घेतलं आणि न बघताच फाइलला लावलं.

कोर्टात सरकारी वकिलाने तेवढंच वाक्य वाचलं. दोनदा. भावाने मान वळवून माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, नुसतं बघितलं. मला रडू आलं नाही, लाजही वाटली नाही. वरच्या पंख्याचं एक पातं वाकडं होतं, ते बघत बसलो. त्याला पाठवायचं ठरलं, पाठवलंही, आणि मी सोमवारी शाळेत जाऊन हजेरी घेतली.

त्या दाखल्याची झेरॉक्स आईने लॅमिनेशन करून देवाजवळ ठेवलीय. त्याच्याबद्दल चांगलं लिहिलेला तेवढाच कागद घरात आहे. कोर्टात काय झालं ते तिला कुणी सांगितलेलं नाही, दाखला कुणी लिहिला तेही नाही. तिला वाचता येत नाही. संध्याकाळी दिवा लावला की मला म्हणते, "वाच." मी वाचतो.

काल ते वाक्य गाळलं.

"आरं, मदलं सोडलंस की," ती म्हणाली. "एकट्यानं उभी केली, ते. तेच तर लय चांगलं लिव्हलंय कुणीतरी."

मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं, त्या वाक्यासकट.