शनीचे तीन महिने

मी आठवीत असताना, गणपती झाल्यावर, कशेळ्याच्या रस्त्यावर बाबांची जीप उलटली. जीप मालकाची, कंबर बाबांची. मालकानं दुसरी जीप घेतली. बाबा खाटेवर पडले ते पडलेच. आई दहिवलीच्या पुढं एका फार्महाऊसवर कामाला लागली. मुंबईचे पाहुणे शनिवारी यायचे, म्हणजे शनिवारी सगळ्यात जास्त काम, आणि नेमका शनिवारीच आईचा उपास. उपाशीपोटी ती वीस-वीस माणसांचं मटण शिजवायची, मीठ नुसत्या वासावर ओळखायची. उरलेला भात डब्यातून घरी यायचा आणि आम्ही तो खायचो. हे सांगायला मला लाज वाटत नाही.

उपास शनीचा. कशेळ्याच्या बाजारात पंचांग घेऊन बसणाऱ्या एका म्हाताऱ्यानं तिला सांगितलं होतं, साडेसाती लागलीय; साडेसात वर्षं मोठं काही काम काढू नका, अंगाला शस्त्र लावून घेऊ नका. जीप उलटली त्या दिवसापासून आईनं मोजायला घेतलं. दर शनिवारी सकाळी मारुतीला तेल आणि रुईचा हार, मग काम, आणि घरी आल्यावर कॅलेंडरच्या त्या चौकटीत काजळाचा ठिपका. वर्ष संपलं तरी जुनं कॅलेंडर ती टाकायची नाही. त्याच खिळ्यावर नवं अडकवायची.

बारावीनंतर मी बी.एस्सी.ला गेले. आमच्या वाडीतून कॉलेजात जाणारी मी एकटीच मुलगी होते आणि त्याचा तोरा माझ्यात होता. पहिल्या वर्षाला ग्रह शिकवले. शिकलेलं सगळं मी चुलीपाशी आईला ऐकवायचे.

"गुरूवर दहा तासांत दिवस संपतो."

"बरं हाय की. पावणे लवकर जातील."

"आणि शुक्रावर वर्षापेक्षा दिवस मोठा. वर्ष संपतं तरी दिवस संपत नाही."

"आगं बाय! तिथं कोण भांडी घासत असंल बिचारी?"

खाटेवरून बाबा हसले. मग आईनं भाकरी परतली आणि आवाज खाली आणून विचारलं, "आनि त्याच्यावर?" शनीचं नाव ती घ्यायची नाही.

"दिवस साडेदहा तासांचा. पण वर्ष आपल्या साडेएकोणतीस वर्षांचं."

"म्हंजे आपली साडेसात वर्षं त्याला कायच नाय?"

"पाव वर्ष. त्याचे तीन महिने."

"त्याचे तीन मयने," आई म्हणाली, "आनि आमी हितं मोडून पडलो."

मला तिला खूश करायचं होतं. मी वही काढली. साडेएकोणतिसाचा चौथा भाग म्हणजे सात वर्षं आणि साडेचार महिने. पुरी साडेसात नाहीत. "आई, म्हातारा दीड महिना जास्त सांगून गेला. मी तिसऱ्या वर्षाला असेन तेव्हा तू मार्चात नाही, जानेवारीतच सुटतेस." तिनं वही हातात घेतली. वाचता येत नव्हतं तरी बराच वेळ बघत राहिली. दुसऱ्या दिवशी वाडीभर झालं, "माझ्या पोरीनं शनीचा दीड मयना कमी केला!" बायका मला थांबवून आपापली साडेसाती विचारायला लागल्या, आणि मी सांगायचे.

दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीत, अंगाला उटणं लावताना, आईनं मला छातीतली गाठ दाखवली.

"वाटाण्याएवढी हाय. दुखत बी नाय."

"उद्याच दवाखान्यात चल."

"आनि कापायला सांगितलं म्हंजे? त्यातनं सुटू दे गं आदी. तूच तर तारीख काढलीयस."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. शनीचा आणि तुझ्या गाठीचा काही संबंध नाही, तो त्याच्या वाटेनं फिरतोय, त्याला तू ठाऊकसुद्धा नाहीस, हे मला येत होतं, त्याचे मार्क मी मिळवले होते. पण ते बोलले असते तर माझा दीड महिनासुद्धा खोटा पडला असता. ज्या हिशेबाचं वाडीभर कौतुक झालं, तो मला मोडवेना. मी दोन-चारदा चल म्हटलं आणि गप्प बसले. ती सवा वर्ष ठिपके देत राहिली. शेवटच्या महिन्यांत तिला डावा हात वर करून हार घालता येत नव्हता. हार मी घालायचे.

जानेवारीत माझी तारीख आली. शनिवारी तिनं शेवटचा ठिपका दिला, आणि सोमवारी स्वतःच नवं लुगडं नेसून दारात उभी राहिली. "चल गं, आता कुटं न्यायचं तिथं ने."

डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि विचारलं, "सवा वर्ष का थांबलात?"

आईनं माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "हिनं दीड मयना कमी केला म्हनून आता तरी आले, बाई. शिकलीय ना ती."

गाठ हाडांपर्यंत गेली होती. मुंबईला नेलं, औषधं झाली, केस गेले. एप्रिलमध्ये मी पेपर दिले, कारण दिले नसते तर तिनं माझं तोंड बघितलं नसतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात, निकालाच्या आधी, आई गेली. पंचेचाळीस वर्षांची असेल; खरी जन्मतारीख कुणालाच माहीत नाही. शनीच्या हिशेबानं दीड वर्षाची.

आता मी खालापूरकडं एका शाळेत विज्ञान शिकवते. ग्रहांचा धडा आला की दिवस आणि वर्षं फळ्यावर लिहिते, आणि मग मुलींना सांगते, घरी कुणी काही दुखणं दाखवलं तर त्याच दिवशी न्या. त्या हसतात, की बाई धडा सोडून भलतंच बोलतात. हसू देत. कॅलेंडरं अजून खिळ्यावर आहेत. बाबा काढू देत नाहीत.

त्या जूनच्या अखेरीस निकाल लागला. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. पास झाले, पहिल्या वर्गात. आमच्या घरातली पहिली पदवी ती.