खिडकीखालचा खड्डा

मराठीतल्या एका थोर लेखकाचा सर्वात मौल्यवान ठेवा मी एका सकाळी शेणानं सारवून टाकला, आणि तोही अत्यंत आदरानं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नवीन लग्न, बिऱ्हाड एरंडोलला. आमचे हे शाळेत मराठी शिकवायचे, आणि यांच्यापेक्षा जास्त मराठी मी वाचलंय असा माझा समज (तो अजून आहे!). त्या लेखकाची पुस्तकं मला जवळजवळ तोंडपाठ. शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातलं त्यांचं मातीचं घर त्यांच्यामागे बहिणीनं, अक्कांनी, जसंच्या तसं जपलंय, असं कळलं आणि मी भुणभुण लावली. शेवटी नरडाण्याला उतरलो, पुढे बैलगाडी.

घरात शिरले आणि उंबऱ्यातच थबकले! (यांना वाटलं, ऊन लागलं.) खुंटीवर त्यांची टोपी, कोनाड्यात चष्मा, दौत. मी चष्म्याला नमस्कार केला, दौतीला केला, दाढीच्या ब्रशापुढे तर डोळ्यांत पाणी आलं.

"व माय, आते मोरीले बी कर," अक्का म्हणाल्या.

मग त्या शेजारी दूध आणायला गेल्या, हे विहीर बघायला. मी एकटी. एवढ्या मोठ्या माणसाच्या घरी यायचं आणि नुसतं बघून जायचं? काहीतरी सेवा करायला हवी! तेवढ्यात नजर गेली खिडकीखाली. सगळी जमीन आरशासारखी सारवलेली, आणि भिंतीला लागून हा एवढा खड्डा! अक्कांना वयामुळे वाकवत नसेल. मला अगदी भरून आलं. ओट्यासाठी कालवलेली माती दाराशी घमेल्यात होतीच, शेणही होतं. पदर खोचला! सासूबाई माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवत, पण सारवणाला कधी नाही. खड्डा भरला, चोपला, वरून सारवला. जणू नव्हताच.

अक्का आल्या. खिडकीखाली नजर गेली.

"खड्डा कोठे गया?"

"बुजवला!" मी, छाती फुगवून.

"अव माय व! मना नाना तठे बसे! बठ्ठा जनम तठेच बसीसन लिखं त्यानी! तोच खड्डा दखाले धुळाथून लोके ई राहिनात आज!"

नाना म्हणजे तेच, थोर लेखक! मराठी साहित्य जिथे बसून लिहिलं गेलं ती जागा मी सपाट केली होती. हे विहिरीवरून आले, सगळं ऐकलं आणि आल्या पावली मागे फिरले. विहीर नीट बघितली नाही म्हणे!

अक्का आता रडणार, असं मला वाटलं. त्या मात्र मला मागून न्याहाळत होत्या.

"माती वली शे. बस."

"मी?"

"नाना बी मांगथून आसाच भरेल व्हता. बस!"

बसले. ओल्या मातीत, लग्नातल्या साडीनिशी! अक्का दोन्ही हातांनी खांदे दाबत होत्या. "आखो खाले! हालू नको!"

पण बसले आणि खिडकी बरोबर डोळ्यांसमोर आली. बाहेर कडुनिंब, कपाशीचं मोकळं रान आणि गावात शिरणारी एकुलती एक वाट. त्यांच्या पुस्तकांत मला भेटलेली सगळी माणसं याच वाटेनं आत आली होती! अक्कांनी दाबणं सोडलं तरी मी हलले नाही.

वैशाखाच्या उन्हात माती वाळायला किती वेळ! दुपारी धुळ्याच्या पाहुण्यांची जीप आली तेव्हा खड्डा तयार होता, आणि मी भिंतीला पाठ लावून उभी होते (साडी मागून दाखवण्यासारखी नव्हती). एका प्राध्यापकांनी तर तिथे डोकंच टेकवलं. "केवढी ही साधना!" ते म्हणाले.

"भलता बसे मना नाना," अक्का म्हणाल्या. चेहरा जराही न हलवता!

परवा नात शाळेच्या सहलीला तिथेच जाऊन आली. "आजी, आम्ही सगळ्यांनी त्या खड्ड्याला वाकून नमस्कार केला!"

"छान केलंस, बाळ," मी म्हटलं. माझ्या तोंडाकडे पाहून आजवर एवढ्या भक्तीनं कुणी वाकलेलं नाही!