अक्कांची अख्खी, आईची अर्धी

अक्का हनुवटी वर करायच्या आणि म्हणायच्या, "बघा, हा हार चोर नेत न्हाई." गळ्याच्या बुडाशी आडवा व्रण होता. थायरॉइडच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन वीसेक वर्षं झाली होती. आमच्या लातूरच्या गल्लीत नवा भाडेकरू आला की त्या आधी नळाची वेळ सांगायच्या, मग व्रण दाखवायच्या. तुमच्याही गल्लीत असं कोणीतरी असेलच. आता त्या किनवटला लेकीकडे असतात.

आजाराचा त्यांना थोडा अभिमान होता, असं मला वाटायचं. चुकतही असेन. "माझी अख्खी ग्रंथी काढली. वर किरणांचं औषध. अंगातून किरणं निघतात म्हणून खोलीत एकटी! नर्ससुद्धा दारातून ताट सरकवायची, वाघिणीला सरकवावं तसं."

मग माझ्या आईच्या गळ्यात गाठ निघाली. घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, म्हणून रिपोर्ट माझ्या हातात आला. मला त्यातला 'कॅन्सर' तेवढा कळला. नांदेडचे डॉक्टर म्हणाले, "गाठ लहान आहे. अर्धी ग्रंथी काढली तरी पुरे. किरणं नकोत."

सोबत आलेल्या अक्का उसळल्या. "अर्धी? गुत्तेदार हायेत का तुम्ही, अर्धं काम सोडून जायला?"

आई लगेच त्यांच्या बाजूची. "काढायची तर अख्खी. न्हाई तर मी येतच न्हाई."

"आई, पण डॉक्टर..." मी म्हणाले.

डॉक्टर हसले. "मावशी, तेव्हा बहुतेकांची अख्खीच काढायचे. तुमच्यासारखे पेशंट वर्षानुवर्षं तपासणीला येत राहिले, तेव्हा कळलं की लहान गाठीला एवढं लागत नाही."

अक्का हळूच म्हणाल्या, "लेक दीड वर्षाची होती माझी. घरी आल्यावरबी जवळ घेऊ दिली न्हाई. दाराबाहेर बसून रडायची."

अक्कांनी पदर सावरला आणि आईकडे वळल्या. "ऐकलंस का? आमच्यावर शिकले हे! माझ्यामुळं तुझी अर्धी वाचली. आता मुकाट काढ."

आवाजाची नस जवळ असते, आवाज जाऊ शकतो, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. ऑपरेशननंतर आई शुद्धीवर आली, पण बोलेना. अक्का तिच्यावर वाकल्या.

"बोल की गं. शिवी दे मला. दे!"

आईनं त्यांना जन्मात उलट उत्तर दिलं नव्हतं. ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "अक्का, जरा गप बसा."

व्हरांड्यात कुणाकुणाचे नातेवाईक बसले होते. अक्का डोळे पुसत प्रत्येकाला सांगत सुटल्या, "बोलली! मला गप बसा म्हणली!"