हेमा मॅडमचे चौफेर स्पीकर

हेमाला गाणं ऐकायचं वेड होतं, पण गाण्यासमोर बसायला वेळ मात्र कधीच नव्हता. सकाळी डबे, मग शाळा, संध्याकाळी वह्या आणि भाकरी. तिचे यजमान काशीनाथराव स्पीकरच्या दोन जुन्या पेट्यांसमोर बरोबर मधोमध खुर्ची टाकून राजासारखे ऐकायचे. बाईच्या वाट्याला स्वयंपाकघराच्या दारातून येईल तेवढं उष्टं गाणं. म्हणून त्यांच्या मुलाने, मुकुलने, पुण्याहून ते नवे उभे स्पीकर आणले तेव्हा परभणीतल्या त्या घरात खरा सण झाला तो हेमाचा.

या स्पीकरांना समोरची बाजूच नव्हती. भोंगा वर तोंड करून बसवलेला, त्याच्यावर उलटा शंकू, आणि आवाज दिव्याच्या उजेडासारखा चारी बाजूंना पसरायचा. भाकरी थापताना तोच सूर, अंगणात कपडे वाळत घालताना तोच. हेमा हरखून गेली. गाणं ऐकणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिने लगेच लिहिलं, "आवाज पेटीतून येतोय असं वाटतच नाही. कुठून येतो तेच कळत नाही. सगळं घरच गातंय!" येईल त्याला ती हेच ऐकवायची.

"पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी स्पीकर दाखवायलीस तू," काशीनाथराव चेष्टा करायचे.

स्पीकर आले त्याच सुमाराला तिला सर्दी झाली होती आणि उजव्या कानाला दडा बसला होता. लसूण टाकून कोमट केलेलं तेल तिने कानात घातलं, कापसाचा बोळा लावला. कान गुणगुणत राहिला. पण घरभर गाणं स्वच्छ ऐकू येत होतं, मग कानाला काय धाड भरलीय, असं म्हणून तिने तो विषय सोडून दिला.

एका रविवारी तिच्याच शाळेतल्या राजेश्री मॅडम आल्या. हेमाने त्यांना खुर्चीत बसवलं, गाणं लावलं. राजेश्रीने डोळे मिटले आणि ती हात वर करून आवाजाच्या जागा दाखवायला लागली.

"लय भारी की मॅडम! तबला त्या खिडकीकडं वाजायलाय. पेटी ह्या कपाटापाशी. अन् बाई तर अशी मधी उभी राहून गायलीय. डोळे उघडले तर तिथं कुणीच न्हाई!"

"हो ना," हेमा म्हणाली, पण तिचं हसू जागच्या जागी राहिलं.

राजेश्री गेल्यावर ती त्याच खुर्चीत बसली, तेच गाणं लावलं, डोळे मिटले. खिडकीकडे काही नव्हतं, कपाटापाशी काही नव्हतं. तबला, पेटी, बाई, सगळी एकमेकांत कालवलेली, जागा कुणालाच नाही. ज्याचं ती गावभर कौतुक सांगत होती ते स्पीकरचं नव्हतंच की काय? आपला एक कानच गेला की काय? हेमा घाबरली.

ही भीती आजची नव्हती. तिच्या आईचे, पाथरीच्या सुमनबाईंचे, पन्नाशीतच दोन्ही कान गेले होते. घरातली माणसं वाईट नव्हती. पण ओरडून ओरडून सांगायचा कंटाळा येतोच माणसाला. आधी गप्पा थांबल्या, मग बातम्या थांबल्या. शेवटी जेवायला चला म्हणून खांद्याला हात लावायचे, तेवढंच. सख्ख्या नातीचं लग्न ठरलेलं त्यांना पत्रिका छापून घरी आल्यावर कळलं. ती पत्रिका उलटसुलट करत बसलेली आई हेमाला अजून दिसायची. ऐकू न येण्याला हेमा तितकीशी भीत नव्हती. माणसं आपल्याशी बोलायचं सोडून देतील, ही तिची भीती होती.

चांगल्या, डाव्या कानात बोट घातलं की खरं-खोटं होऊन गेलं असतं. तेवढंच तिच्याच्याने होईना. शाळेतून आलं की बोट कानापर्यंत जायचं आणि केस मागे सारून परत यायचं. वर्गात एक मुलगी शंका विचारायची आणि हेमा भलत्याच बाकाकडे बघून उत्तर द्यायची. पोरी खुदकन हसायच्या, ती घाईघाईने फळ्याकडे वळायची. घरी मात्र अवाक्षर नाही. काशीनाथरावांना सांगितलं की ते कामापुरतंच बोलू लागतील, असं तिला वाटायचं.

मग स्टेशन रोडवर ते घडलं. ती शाळेतून चालत येत होती आणि हॉर्न वाजला. डावीकडून वाजला असं वाटून ती चटकन उजवीकडे सरकली, तर जीप उजवीकडूनच अंगावर आलेली. ब्रेक करकचून लागला. ड्रायव्हर डोकं बाहेर काढून काहीतरी ओरडत होता.

घरी आल्यावर पर्ससुद्धा खाली न ठेवता तिने गाणं लावलं आणि डाव्या कानात बोट घातलं. दुसरा हात स्पीकरवर ठेवला. लाकूड थरथरत होतं. गाणं मात्र नव्हतं, भिंतीपलीकडे लांब कुणीतरी कण्हावं तेवढंच. तिने भीतभीत काशीनाथरावांना हाक मारली.

कानाच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. "दडा बसला तेव्हाच यायला पाहिजे होतं, मॅडम. ह्याला औषध पहिल्या काही दिवसांतच लागू पडतं. उजव्याची आशा आता फार कमी आहे. डावा जपा." मग जरा नवलाने त्यांनी विचारलं, "इतके दिवस कळलं कसं नाही?"

"घरात सगळीकडून ऐकू यायचं हो," हेमा म्हणाली.

परतताना रिक्षात काशीनाथराव तिच्या उजव्या बाजूला बसले. रिक्षा खडखडत होती. ते काहीतरी बोलले, त्यांचे ओठ तिला हललेले दिसले.

"काय म्हणालात?"

ते परत बोलले. इंजिनच्या आवाजात परत काही ऐकू आलं नाही. तिने मान वळवून डावा कान पुढे केला.

"काही न्हाई, जाऊ दे," ते म्हणाले. एवढं मात्र तिला लख्ख ऐकू आलं.

हेमाने त्यांचं मनगट घट्ट धरलं. "जाऊ दे म्हणू नका. काय म्हणालात ते सांगा मला."

"अगं, विशेष काही नव्हतं..."

"विशेष नसलेलंच सांगा!" तिचा आवाज फाटला. रिक्षावाल्याने आरशात पाहिलं.

"सीताफळं दिसली गाड्यावर. घ्यायची का म्हणलं," काशीनाथराव गांगरून म्हणाले.

गाडा केव्हाच मागे राहिला होता. "भाऊ, रिक्षा मागं घ्या," हेमा म्हणाली. रिक्षा वळायला थांबली तेव्हा काशीनाथराव उतरू लागले, पलीकडून फिरून तिच्या डाव्या बाजूला येऊन बसायला. त्या एवढ्या क्षणापुरतंसुद्धा हेमाला त्यांचं मनगट सोडवेना.