त्सुफेनहाउझेनमधले शुक्रवार

आमच्या नातेवाईकांत बरीच वर्षं एक गोष्ट सांगितली जाते, की मी जर्मनीत असताना सुनेनं मला घरचं जेवायला घातलं नाही. ती खोटी आहे, आणि ती माझ्यामुळे पसरली.

बायको गेल्यावर मुलगा मला तीन महिन्यांसाठी जर्मनीत, त्याच्या गावी त्सुफेनहाउझेनला घेऊन गेला. त्या उन्हाळ्यात फुटबॉलचा वर्ल्ड कप तिथेच होता. समोरच्या बाल्कन्यांत झेंडे लटकत होते. सून सॉफ्टवेअर कंपनीत होती. संध्याकाळी यायची आणि पर्स ठेवून थेट ओट्याशी उभी राहायची. आमटी, भात, पोळी, भाजी, सगळं करायची. मला मात्र जेवण जायचं नाही. त्या आमटीला माझ्या बायकोच्या हातची चव नव्हती. तसं मी कधी बोललो नाही, पण अर्धं ताट तसंच ठेवायचो. तिला ते कळत होतंच.

एका शुक्रवारी संध्याकाळी माझ्यासाठी बूट घेऊन सून आणि मी परतत असताना पाऊस लागला आणि तिनं मला कोपऱ्यावरच्या मेक्सिकन हॉटेलात नेलं. सहा-सात टेबलं, मेणकापडं, भिंतीवर टीव्ही. वाढणारी बाई तिथलीच, नवरा मेक्सिकोचा. तो आत स्वयंपाक करायचा. घेवड्यात डुकराची चरबी घालत नाहीत ना, हे सुनेनं जर्मनमध्ये खोदून खोदून विचारलं. मग काळा घेवडा आला, भात, मक्याच्या पातळ भाकऱ्या आणि हिरवी आंबट-तिखट चटणी. मी काटा-सुरी बाजूला सारली, भाकरी मोडली आणि सगळं संपवलं. माझ्या बायकोनं हे कधी केलंच नव्हतं, त्यामुळे कशाशी ताडून बघायचं नव्हतं.

सुनेनं आपल्या ताटाला हात लावला नव्हता. ती माझ्याकडेच बघत होती.

पुढच्या शुक्रवारी मीच म्हणालो, आज तिकडे जाऊ या का? मग दर शुक्रवारी जाऊ लागलो. ती बाई मला बघितलं की विचारायची, घेवडा ना? आणि मी मान हलवली की "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणत आत वळायची. काटा ठेवायचं तिनं केव्हाच बंद केलं होतं. तिथे जेवायला लागलो तसा घरीही चार घास जास्त जाऊ लागले.

एका शनिवारी सकाळी फ्रिज उघडला तर डब्यांत आमटी आणि भेंडीची भाजी.

"हे कधी केलंस?"

"काल सकाळी. ऐन वेळी तुम्हाला घरीच जेवावंसं वाटलं तर, बाबा?"

म्हणजे शुक्रवारीही ती रांधूनच कामाला जात होती.

आणि त्याच आठवड्यात पुण्याहून बहिणीचा फोन आला. सून काय करून घालते, असं तिनं विचारलं. शुक्रवारी आम्ही बाहेर जेवतो, एवढंच मी सांगितलं.

"म्हणजे सूनबाईंचा गॅस पेटत नाही म्हण की," ती म्हणाली.

मी हसलो. त्या हसण्याचं पुढे काय काय झालं! सून सुट्टीवर इकडे आली असताना पुतण्याच्या मुलाच्या मुंजीत पंगतीला सुनेच्या पानापाशी येऊन कुणीतरी म्हणालं, "हिला वाढू नका गं, हिचं हॉटेलातून येईल." सून हसली. मी शेजारीच बसलो होतो. वरणभात कालवत राहिलो.

इथवरचा मजकूर मागच्या आठवड्यात बहिणीला वाचून दाखवला. तिनं विचारलं, "मग तेव्हा हसलास कशाला?" मी खरं ते सांगितलं. बायको गेल्यापासून कुणीतरी माझी कड घेतंय, एवढंच तेव्हा बरं वाटलं होतं. खरी कड कोण घेत होतं, ते मला त्या फ्रिजपाशीच कळायला हवं होतं. त्या उन्हाळ्यात मी पुन्हा जेवायला शिकलो, ते सुनेमुळे.

नंतर सुनेला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"आत्यांना सांगितलंत?"

"हो. आधी तिलाच."

"मग झालं," ती म्हणाली, आणि आज जेवायला काय केलंय, ते मला विचारलं.