अंगठ्याचा दाखला

ते प्रकरण मी अजून विसरलेलो नाही. तेव्हा मी लोणावळ्याजवळच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. खंडाळ्याच्या हॉटेलात भांडी घासणारी पन्नाशीची एक बाई ठाणे अंमलदारासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "सायेब, ह्यो अंगठा माजाच हाय, असा दाखला द्या." अंमलदार हसला. मला त्याचा राग आला. बाईला मी आत बोलावून बसवलं.

"काय झालं, मावशी?"

"मशीन अंगठा घेत न्हाई. भाऊ म्हनतो, भांडी घासून रेघा झिजल्या. दोन-दोनदा लावाय लागतो. लेक बँकेत बघून आली, तर खात्यात पैसं लय कमी. तिला नर्सिंगला घालायचीय, म्हैन्याभरात फी भरायचीय ओ."

भाऊ म्हणजे तिच्या गावात मशीनवर अंगठा घेऊन पैसे देणारं बँकेचं सेवा केंद्र चालवणारा. गोड बोलणारा, कुणाच्याही अडीनडीला धावणारा. बायकांची पासबुकंही तोच सांभाळायचा.

चोरी झाली की माणूस आधी शेजाऱ्यावर संशय घेतो, हे मी नोकरीभर पाहिलं. ही बाई स्वतःच्या बोटावर संशय घेत होती. मी शाईचा पॅड मागवून तिचा ठसा घेतला. रेष न् रेष स्पष्ट उमटली.

मग बँकेला पत्र देऊन खातेउतारा मागवला. तिने ज्या ज्या दिवशी पैसे काढले, त्या त्या दिवशी दोन मिनिटांत दुसऱ्यांदाही पैसे निघाले होते. गावातल्या आणखी चार-पाच जणींचं तेच.

चौकशीला भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आला. "साहेब, कष्टाच्या बायका. बोटं झिजतात. मशीन नाकारतं, त्याला मी काय करणार?"

"नाकारतं, तर दोन्ही वेळा पैसे कसे निघाले?"

त्याने पाणी मागितलं. दिलं. मग तो सगळं ओकला. पहिल्यांदाच व्यवहार झालेला असायचा, तरी तो 'उमटला नाही' म्हणून पुन्हा अंगठा लावायला सांगायचा आणि दुसरी रक्कम स्वतः ठेवायचा.

गुन्हा दाखल झाला, अटक झाली, रोकड जप्त झाली. पण जप्त रक्कम वडगावच्या कोर्टाच्या आदेशाशिवाय परत देता येत नाही. आदेश आला तोवर प्रवेशाची मुदत संपली होती. मुलीचं वर्ष गेलं. पैसे न्यायला दोघी ठाण्यात आल्या, तेव्हा ती मान खाली घालून बसली होती. आई म्हणाली, "चूक माजीच, सायेब. भाऊ म्हनायची त्याला. पासबुक कदी उघडून बघितलंच न्हाई."

ते ऐकून मला फार वाईट वाटलं, आणि लाजही वाटली. माझी बायको बालवाडीत शिकवायची. तिचं पासबुक लग्नापासून माझ्या खणात होतं. माझ्या मनात कधी पाप नव्हतं, हे खरं. पण ती कधी विचारत नाही, याला मी आजवर विश्वास समजत आलो होतो. ती सवय मीच लावली होती.

त्या संध्याकाळी मी ते पासबुक तिच्या हातात दिलं. तिने न उघडताच माझ्यापुढे परत धरलं.

"राहू दे तुमच्याकडेच," ती म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं."